आधी भांडं उलटं करा : जुन्या चिनी पोर्सेलिनच्या संग्रहाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बावीस वर्षं नोकरी सांभाळून मी जुनी चिनी भांडी जमवतेय. मी व्यापारी नाही, तज्ज्ञही नाही. पण ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून लोक फोटो पाठवतात आणि विचारतात, आणि प्रश्न फिरून फिरून तेच येतात. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. फोटो पाठवणाऱ्यांना एक विनंती: फुलं, पऱ्या, ड्रॅगन नंतर. आधी भांडं उलटं करा आणि बुडाचा फोटो पाठवा.

आमच्या आजीची लोणच्याची बरणी अँटिक आहे का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून पहिला. पिवळट पांढरं अंग, गळ्यापासून वर तपकिरी, झाकणाला दोरी बांधायची सोय. ती बरणी पोर्सेलिनची नाही, चीनचीही नाही. ते स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखं घट्ट भाजलेलं जाड भांडं, आणि आपल्या घरांतल्या बहुतेक बरण्या भारतातल्याच कारखान्यांत बनलेल्या आहेत. आपल्या भाषेत ‘चिनी माती’ हा शब्द कपबशीपासून न्हाणीघरातल्या बेसिनपर्यंत सगळ्याला चालतो, त्यामुळे हा घोळ होतो. हिंदीत अशा बरणीला मर्तबान म्हणतात, ते ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरावरून. मोठाले रांजण तिथून जहाजात चढायचे. तुमच्या आजीची बरणी सांभाळून ठेवा, लोणचं तिच्यातच मुरतं. पण विमा उतरवायला जाऊ नका.

मग पोर्सेलिन म्हणजे काय?

दोन गोष्टी एकत्र आल्या की पोर्सेलिन होतं. एक केओलिन नावाची पांढरी माती. हे नाव चीनच्या जिआंगशी प्रांतातल्या गाओलिंग गावावरून पडलं. दुसरा एक विशिष्ट दगड, जो कुटून, धुऊन त्याच्या विटा पाडतात. माती आकार धरून ठेवते, दगड वितळून काचेसारखा होतो. हे मिश्रण साधारण १३०० अंश सेल्सिअसला भाजलं की अंग पांढरं, घट्ट आणि पातळ असेल तिथे अर्धपारदर्शक होतं. मोबाइलचा टॉर्च आतून लावून बघा, बोटाची सावली बाहेरून दिसते. मडकं घेताना आपण वाजवून घेतो तसं नखाने हलकेच वाजवा. चांगलं पोर्सेलिन खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द बोलतं.

गाओलिंगजवळचं जिंगदेझेन हे या धंद्याचं गाव. चौदाव्या शतकापासून पुढे चीनमधलं उत्तम चित्रांकित पोर्सेलिन बहुतेक तिथलंच. १७१२ मध्ये आंत्रकोल नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्रीने तिथून मायदेशी एक लांबलचक पत्र लिहिलं. एक भांडं पूर्ण व्हायला सत्तर जणांच्या हातांखालून जातं, असं त्यात आहे. कुणी फक्त कडेची रेघ मारायचा, कुणी फक्त फुलांची बाह्यरेषा, कुणी नुसता रंग भरायचा. युरोपला ही विद्या साधली ती १७१० मध्ये जर्मनीतल्या माइसेनचा कारखाना निघाला तेव्हा. चीनचा माल त्याआधी कित्येक शतकं जगभर विकला जात होता.

निळं-पांढरं आणि रंगीत यांत नक्की काय फरक?

निळ्यात चित्र झिलईच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराच्या, खाली असतं. कच्च्या भांड्यावर कोबाल्टने रंगवायचं, वर झिलई चढवायची, मग एकदाच भाजायचं. रंगवताना कोबाल्ट काळपट करडा दिसतो, निळा होतो तो भट्टीत. त्यामुळे चितारी आंधळेपणानेच काम करत असतो, असं म्हटलं तरी चालेल. बोट फिरवलं तर अंग गुळगुळीत लागतं, चित्र हाताला लागत नाही.

रंगीत भांड्यांत हिरवा, लाल, पिवळा, जांभळा हे रंग आधीच भाजलेल्या झिलईवर लावतात आणि सातशे-आठशे अंशाला पुन्हा भाजतात. हे रंग बोटाला किंचित उंच लागतात आणि वापराने झिजतात. सोनेरी वर्ख सर्वांत आधी जातो.

यातून एक फार कामाचा नियम निघतो. चिनी भांड्यांवर अपारदर्शक, दुधाळ गुलाबी रंग येतो तो १७२० च्या आसपास. त्यात सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात. त्याआधी हा गुलाबी नाही. तेव्हा बुडाखाली मिंग काळाचं नाव आणि पोटावर गुलाबी शेवंती असेल, तर ते भांडं मिंग नाही. मिंग घराण्याचं राज्य १६४४ मध्ये संपलं होतं. हा एक नियम पाठ असला तरी बाजारातली निम्मी फसवणूक टळते.

या रंगीत प्रकारांना ‘फामिय व्हेर्त’ म्हणजे हिरवं कुटुंब आणि ‘फामिय रोझ’ म्हणजे गुलाबी कुटुंब ही फ्रेंच नावं एकोणिसाव्या शतकात पडली. चितारणाऱ्यांना ती माहीतही नव्हती.

कोणत्या राजाचा काळ कोणता, हे पाठ करावं लागतं का?

सगळं नाही. मिंगमधले श्वानदे (१४२६–१४३५), छंगहुआ (१४६५–१४८७) आणि वानली (१५७३–१६२०), त्यानंतरच्या छिंग घराण्यातले कांगशी (१६६२–१७२२), युंगचंग (१७२३–१७३५) आणि छ्यानलुंग (१७३६–१७९५) एवढे पुरतात. आपल्यासारख्यांच्या आवाक्यातला माल त्यानंतरचा असतो : दाओग्वांग (१८२१–१८५०) आणि ग्वांगशू (१८७५–१९०८). हे उच्चार माझे मराठी कान ऐकतात तसे आहेत. चिनी माणूस ऐकून हसेल, पण समजेल.

बुडाखाली चिनी अक्षरं आहेत. म्हणजे खरं ना?

नाही. दुकानदाराने सगळ्यात आधी दाखवलेली गोष्ट ही असेल, तर जरा सावध व्हा.

ही अक्षरं बहुधा सहा असतात. उजवीकडच्या ओळीपासून सुरुवात, वरून खाली. पहिली दोन घराण्याची : ‘महान मिंग’ किंवा ‘महान छिंग’. मधली दोन राजाच्या कारकिर्दीची. शेवटची दोन ‘काळात निर्मित’. कधी घराणं गाळून चारच असतात. हे वाचायला चिनी यायची गरज नाही, सात-आठ आकार डोळ्यांत बसले की पुरे.

पण वाचता आलं म्हणून खरं ठरत नाही. चीनमध्ये जुन्या राजाचं नाव नव्या भांड्यावर घालायची रीत शेकडो वर्षांची आहे, आणि ती नेहमी फसवायलाच होती असंही नाही. जुन्याबद्दलचा आदर, किंवा ‘त्या तोडीचं’ असं सांगायची पद्धत. कांगशी काळात छंगहुआची नावं लिहिली, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कांगशीची लिहिली. कांगशीचं चार अक्षरी नाव असलेल्या निळ्या-पांढऱ्या झाकणाच्या बरण्या बाजारात भरपूर दिसतात. त्यांतल्या बऱ्याच कांगशी गेल्यानंतर दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी बनल्या.

गंमत म्हणजे खुद्द कांगशीच्या काळातल्या पुष्कळ भांड्यांवर कांगशीचं नाव नसतंच. १६७७ मध्ये जिंगदेझेनच्या स्थानिक अधिकाऱ्याने भांड्यांवर राजाचं नाव लिहायला मनाई केली. भांडं फुटून उकिरड्यावर गेलं तर राजाच्या नावाचा अपमान होतो, असं कारण होतं. मग कारागिरांनी बुडाखाली नुसतं निळं दुहेरी वर्तुळ काढलं, आत पान, ससा, शंख असं काहीतरी, किंवा काहीच नाही. अशी रिकामी दोन वर्तुळं दिसली की माझ्या छातीत जरा धडधडतं. सहा सुबक अक्षरं दिसली की तेवढं होत नाही.

रोमन लिपीत ‘चायना’ लिहिलेलं असेल तर तो माल साधारण १८९१ नंतरचा. अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्याचा हा परिणाम. ‘मेड इन चायना’ असेल तर विसाव्या शतकातला. याचा अर्थ टाकाऊ असा नाही. १९११ नंतरच्या प्रजासत्ताक काळातल्या काही चिताऱ्यांना आज मोठा मान आहे. जिंगदेझेनचे ‘चूशानचे आठ मित्र’ म्हणून ओळखले जाणारे चितारी त्याच काळातले.

मग बुडाकडे बघायचं म्हणजे काय बघायचं?

माझ्याकडची एक बशी समोर ठेवून सांगते. साडेआठ-नऊ इंचांची, निळी-पांढरी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली निर्यातीची. वर नेहमीचंच चित्र : पाणी, पॅगोडा, वाकलेलं झाड, पुलावर छत्री धरलेला माणूस. अशा बशा चीनमधून लाखांनी गेल्या, त्यामुळे ही काही दुर्मीळ नाही. म्हणूनच शिकायला चांगली.

उलटी केली की पहिल्यांदा दिसतो तो पायाचा गोल, ज्यावर बशी टेकते. तिथे झिलई नाही. बशी भट्टीत खाली चिकटू नये म्हणून ती भाजण्यापूर्वीच पुसून काढलेली असते. उघडी माती पांढरी आहे, पण पिठासारखी शुभ्र नाही, ताकाच्या रंगाची. झिलई जिथे संपते तिथे केसाएवढी नारिंगी-तपकिरी रेघ गोल फिरली आहे. मातीतल्या लोहामुळे भट्टीतच ती उमटते. नकली भांड्यावर ही रेघ कुंचल्याने काढतात, तेव्हा ती सगळीकडे एकाच जाडीची होते. या बशीवर ती एका बाजूला गडद आहे, दुसरीकडे जवळजवळ नाहीच.

पायाच्या आतल्या अंगाला वाळूचे तीन कण वितळून चिकटलेत. भांडं ज्या पेटीत ठेवून भट्टीत भाजायचे तिच्या तळाशी वाळू पसरायचे, तीच ही. नखाने निघत नाहीत. बशीच्या पाठीला बल्ब तिरपा धरला तर मधून बाहेर जाणाऱ्या बारीक रेषा दिसतात. चाकावर फिरवून चाकूने तासल्याच्या या खुणा. झिलईत टाचणीच्या टोकाएवढी दोन भोकं आहेत. कडेवर दोन-तीन ठिकाणी झिलईचे कण उडालेत, उंदराने कुरतडल्यासारखे.

आता सरळ करा. भिंग, सोनाराकडचं दहापट मोठं दाखवणारं, डोळ्याला लावा. निळ्या रंगात कुंचल्याचे ओघ दिसतात. जिथे चितारी थांबला तिथे निळं गडद साचलंय, जिथे त्याने कुंचला उचलला तिथे फिकं. झिलईत लहानमोठे बुडबुडे आहेत. मधल्या भागावर सुरीचे ओरखडे आहेत, वाटेल त्या दिशेने गेलेले, आणि कडेला ते विरळ होत जातात, कारण माणूस जेवतो मध्यावर. नव्या भांड्याला घासून जुनं करणाऱ्याचे ओरखडे एकाच दिशेचे आणि सगळीकडे सारखे असतात.

एवढं बघायला दहा मिनिटं लागतात. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

तुम्ही कधी फसलात का?

पहिल्याच वर्षी. मुंबईत चोरबाजाराच्या बाजूला एका दुकानात फुटभर उंचीची निळी फुलदाणी. बुडाखाली कांगशीची सहा अक्षरं, पाय मातकट तपकिरी. गोष्ट अशी की एका पारशी बंगल्यातून आली, घर विकायला काढलंय, मुलं कॅनडाला. चौदा हजार दिले. तेव्हाचे चौदा हजार.

घरी आल्यावर ओल्या कापसाने पाय पुसला आणि कापूस चहाच्या रंगाचा झाला. वास घेतला तर खरंच चहा. दुसऱ्यांदा पुसल्यावर खालून खडूसारखी शुभ्र माती निघाली. मग गळ्यात बोट घातलं. आतून वरपासून खालपर्यंत एक उभी शीर लागली. दोन अर्ध्यांच्या साच्यात पातळ माती ओतून भांडं काढलं की अशी जोडाची रेघ राहते. जुनी गोल फुलदाणी चाकावर घडवलेली असते. तिला जोड असतो तो आडवा, पोटाच्या मध्यावर, कारण मोठं भांडं वरचं-खालचं असं वेगळं करून जोडायचे.

परत गेले. चहा मिळाला, पैसे नाहीत. हा चहा प्यायचा होता की लावायचा, असं विचारावंसं वाटलं, पण धीर झाला नाही. फुलदाणी अजून आहे, तिच्यात मोरपिसं ठेवलीत.

यापेक्षा हुशार नकला आज बनतात. झिलईची नवी चकाकी आम्लाने मारतात, खऱ्या जुन्या भांड्याचं फुटकं बूड नव्या अंगाला जोडतात. भोक पाडून थोडी माती काढून प्रयोगशाळेत तिचं वय काढता येतं, पण तपासायला बूडच दिलं आणि बूडच जुनं असेल, तर उत्तर काय येणार ते उघड आहे. विक्रेत्याने स्वतःच छापलेल्या ‘खात्रीपत्रा’ची किंमत कागदाएवढी.

निळ्या रंगाची, दोन पक्षी आणि पूल असलेली ताटली आहे. तीच ना ती चिनी प्रेमकथेची?

ती विलो पॅटर्न. चिनी चित्रांवरून उचलून अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये जुळवलेली नक्षी, आणि पळून जाणाऱ्या प्रेमिकांची गोष्टही तिकडेच मागाहून रचलेली. बहुतेक ताटल्यांवर चित्र कागदावरून ठशाने उतरवलेलं असतं. भिंगातून ठिपके आणि कोरीव रेघा दिसतात, कडेच्या पट्टीत कुठेतरी नक्षीचं सांधणं चुकलेलं सापडतं. कुंचल्याचा ओघ दिसत नाही. बुडाखाली ‘मास्ट्रिख्ट’ लिहिलेले फुलांचे वाडगेही चीनचे नाहीत, हॉलंडचे आहेत.

जपानी आणि चिनी कसं ओळखायचं?

बुडाखाली झिलईवर तीन-चार बारीक काट्यांसारख्या खुणा असतील तर जपानी असण्याची शक्यता मोठी. भट्टीत बूड खाली बसू नये म्हणून त्यांनी दिलेल्या टेकूंच्या त्या खुणा. बाकी फरक सांगून कळत नाही, बघून कळतो.

अस्सल माल बघायला कुठे जायचं?

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी-जपानी वस्तू तिथे आहेत. शाळेच्या सहली तिथून पळतच जातात, त्यामुळे दालन बहुधा शांत असतं. पारशी घरांत चिनी भांडी असणं ओघानेच आलं. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे पारशी व्यापारी कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगचौला, कापूस आणि अफू घेऊन जायचे आणि येताना रेशीम, गारा साड्यांचं भरतकाम, भांडी आणायचे. हैदराबादचं सालारजंग संग्रहालयही चुकवू नका.

गोव्यात सासष्टीतल्या चांदर गावी ब्रागांझांचा वाडा आहे. तिथे कपाटांतून आणि भिंतींवर चिनी पोर्सेलिन दिसतं. गोवा आणि चीनच्या किनाऱ्यावरचं मकाव दोन्ही पोर्तुगीजांच्या हाती होते, मकावहून लिस्बनकडे जाणारी जहाजं गोव्याला लागायची, त्यामुळे तिथल्या जुन्या घरांत हा माल आपोआप साचत गेला. जुन्या गोव्याच्या परिसरात निळ्या-पांढऱ्या खापऱ्या मातीतून वर येतात, त्या संरक्षित जागेतून उचलायच्या मात्र नाहीत.

लंडनला गेलात तर ब्रिटिश म्युझियममधली ९५ क्रमांकाची खोली. सुमारे १७०० चिनी भांडी, बहुतेक सर पर्सिव्हल डेव्हिड यांनी जमवलेली. हा माणूस १८९२ मध्ये मुंबईत जन्मला. वडील सर ससून डेव्हिड हे बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांतले. त्या खोलीत दोन उंच निळ्या फुलदाण्या आहेत, हत्तीच्या डोक्याच्या कानांच्या. गळ्यावर लिहिलंय की त्या १३५१ मध्ये एका ताओ मंदिराला वाहिल्या. दोन्ही वेगवेगळ्या मार्गांनी चीनबाहेर गेल्या होत्या, डेव्हिडनी त्या पुन्हा एकत्र आणल्या. चौदाव्या शतकातलं निळं-पांढरं ओळखायला जगभरचे अभ्यासक त्या दोघींनाच आधार धरतात. आपल्याकडच्या किती जणांना हे माहीत आहे? मला स्वतःला चाळिशीत कळलं.

सुरुवात कशाने करावी?

खापरांनी. खरंच. मिंग किंवा छिंग काळातलं फुटकं बूड पूर्ण भांड्याच्या तुलनेत मातीमोल मिळतं, आणि त्याची कड मोडलेली असल्यामुळे आतलं अंग, झिलईची जाडी, निळ्याचा थर सगळं कापून ठेवल्यासारखं दिसतं. माझ्याकडे डब्यात तीसेक खापरं आहेत. नवी वस्तू घेताना अजूनही त्यांतलं एखादं पर्समध्ये असतं.

नंतर कँटनचा रंगीत माल. पांढरी भांडी जिंगदेझेनहून हमालांच्या पाठीवरून मेइलिंगची खिंड ओलांडून ग्वांगचौला यायची, तिथे परदेशी गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे रंगायची. ‘रोझ मेडॅलियन’ हा त्यातला सर्वांत सुलभ प्रकार : मध्ये वर्तुळ, भोवती आळीपाळीने एका चौकटीत माणसं, दुसऱ्या चौकटीत फुलं-पक्षी. एकोणिसाव्या शतकात ढिगाने बनला. मुंबईत तो मिळतो.

तिसरी चांगली वाट बुडालेल्या जहाजांची. १७५२ मध्ये बुडालेल्या डच जहाजातला, ‘नानकिंग कार्गो’ म्हणून ओळखला जाणारा माल १९८५ मध्ये वर काढला आणि १९८६ मध्ये ॲमस्टरडॅमला लिलावात विकला. १८२२ मध्ये बुडालेल्या ‘टेक सिंग’मधून साडेतीन लाखांच्या आसपास नग निघाले. ‘डायना’ तर कँटनहून मद्रासला येत होती, १८१७ मध्ये मलाक्काजवळ बुडाली. तिच्या पोटातले वाडगे आपल्याच कुणाच्या तरी स्वयंपाकघरात यायचे होते. अशा नगांवर लिलावाचं चिकटपत्र असतं, तारीख पक्की असते, आणि समुद्राने झिलई मळकी केलेली असल्यामुळे किंमत आवाक्यात राहते. चिकटपत्र कधीही काढू नका. वरच्या पॅगोड्याच्या बशीला ते नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तडा गेलेलं, टवका उडालेलं घ्यावं का?

शिकायला घ्यावं. विकायच्या आशेने घेऊ नये. केसाएवढा तडा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून वाजवा आणि टॉर्चवर धरा. रंग फवारून झाकलेली दुरुस्ती अंगाला उबदार आणि मऊ लागते. दाताला हलकेच टेकवलं तर झिलई खडखडते, रंग नाही. (दुकानात हे करताना लोक बघतात. बघू दे.)

पूर्वी फुटलेलं भांडं धातूच्या टाक्यांनी सांधायचे. पाठीमागे बारीक भोकं पाडून पितळेचे किंवा लोखंडाचे आकडे बसवायचे. असे टाके कित्येकांना कुरूप वाटतात. मला ते आवडतात. त्या वस्तूवर कुणाचा तरी जीव होता, हे त्यांतून कळतं. काढून टाकू नका.

दुरुस्ती किती दूर जाऊ शकते ते बघायचं असेल तर केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियमची गोष्ट घ्या. २००६ च्या जानेवारीत एक पाहुणा बुटाच्या नाडीत अडखळला, जिन्यावरून घरंगळला आणि खिडकीत मांडलेल्या कांगशी काळातल्या तीन मोठ्या फुलदाण्यांचा चुरा झाला. तुकडे गोळा करून त्या पुन्हा उभ्या केल्या.

वापरता येतात का? धुवायचं कसं?

झिलईखालच्या निळ्यात कोरडा खाऊ ठेवायला हरकत नाही. झिलईवरच्या रंगांत शिसं असतं, आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतो. रोझ मेडॅलियनच्या वाडग्यात सोलकढी वाढू नका.

धुताना स्टीलच्या सिंकमध्ये नको, प्लॅस्टिकच्या टबात तळाशी टॉवेल घालून, कोमट पाणी, एका वेळी एकच नग. अंगठी, बांगड्या काढून ठेवा. दुरुस्त केलेलं भांडं भिजत घालू नका. भिंतीवर लटकवायच्या स्प्रिंगच्या तारा कडेचे टवके काढतात, त्यांच्याऐवजी स्टँड घ्या.

कोटींच्या बातम्या खऱ्या असतात का?

असतात. २०१४ मध्ये हाँगकाँगला छंगहुआ काळातला एक पेला, कोंबडा-कोंबडी आणि पिल्लांच्या चित्राचा, जेमतेम आठ सेंटिमीटरचा, २८ कोटी १२ लाख हाँगकाँग डॉलरला गेला. घेणाऱ्या शांघायच्या धनिकाने त्यातून चहा प्यायला आणि फोटो काढला. २०२२ मध्ये फ्रान्समध्ये दोन हजार युरोचा अंदाज लावलेली एक निळी फुलदाणी ७७ लाख युरोच्या बोलीला गेली.

पण याची दुसरी बाजू छापून येत नाही. २०१० मध्ये लंडनच्या उपनगरातल्या एका लिलावात एका छ्यानलुंग फुलदाणीवर ४ कोटी ३० लाख पौंडांची बोली लागली, जगभर बातमी झाली, आणि घेणाऱ्याने पैसेच भरले नाहीत. शेवटी ती बरीच कमी किमतीला गेली. आपला रोझ मेडॅलियन आणि तो पेला यांच्यात आपला खो-खो आणि ऑलिम्पिक एवढं अंतर आहे.

कायद्याची अडचण येते का?

भारतात १९७२ चा पुरावस्तू व कलासंपदा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही आणि पुरावस्तूंच्या धंद्याला परवाना लागतो. तुमच्या वस्तूची नोंदणी लागते का, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्यालाच विचारा, दुकानदाराला नको. शंभर वर्षांच्या आतली वस्तू परदेशी मुलाकडे न्यायची असेल तरी ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र आधी काढा. विमानतळावर ते नसलं की वाद घालून उपयोग होत नाही. चीननेही १९११ पूर्वीच्या वस्तू बाहेर न्यायला बंदी घातलेली आहे, तेव्हा बीजिंगच्या बाजारातून ‘अस्सल कांगशी’ बॅगेत आणण्याचे बेत करू नका. खरी असेल तर गुन्हा, नकली असेल तर नुकसान.

आईवडिलांचं घर आवरताना चिनी भांड्यांचा एक खोका निघालाय. काय करू?

आधी धुऊ नका. बुडावरची चिठ्ठी, दोऱ्याने बांधलेला कागद, कपाटावरचं खडूने लिहिलेलं नाव, सगळं तसंच राहू द्या. ज्या कागदात गुंडाळलंय त्या वर्तमानपत्राची तारीख लिहून ठेवा. प्रत्येक नगाचे तीन फोटो काढा : वरून, बाजूने, बुडाचा. बुडाचा फोटो खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून. जुन्या मावश्या-आत्या आहेत तोवर हे कुठून आलं ते विचारून लिहून घ्या. आणि फोटो बघून लगेच रोख द्यायला तयार असलेल्या माणसाला त्या दिवशी चहा पाजून परत पाठवा.